सुरुवातीची ऊर्जा

१७ जून १९८५, परभणी

संताप! माझ्या मनकर्णाचा एम.एस्सी.चा प्रबंध परत केला! तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या भुजंग सरांनी एकच धरून ठेवलं— केंद्रक असलेल्या पेशीत जनुकाची नक्कल सुरू व्हायला एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, मोडून वेगळी ऊर्जा लागते का? प्रबंधात आहे तेच तिनं सांगितलं. नाही लागत, नकलेत जोडायच्या घटकांत असते तेवढी पुरते. "चूक. दुरुस्त करून दोन महिन्यांनी या."

मी तिची मार्गदर्शक, शेजारीच बसलेले. मला विचारायची तसदीसुद्धा नाही! चौदा वर्षं हेच शिकवतेय मी.

आणि मनकर्णा? मान खाली. कागद गोळा करत बसली. बोलायचं की गं!

१९ जून

तिचे वडील सटवाजी पेडगावहून आले. "बाई, गंगाखेडच्या नोकरीचा हुकूम आलाय. पंधरा जुलैला पास झाल्याचा कागद दावा म्हणायलेत, न्हाईतर जागा दुसऱ्याला. पोरीचं काय चुकलं?"

काही चुकलं नाही म्हटलं. तिचं तर नाहीच!

२२ जून

विद्यापीठाला तीन पानी तक्रार. रजिस्टर पोस्टानं. 'पुस्तकाबाहेरचं विचारून हुशार मुलीला छळतात' असं सरळ लिहिलं. भीड कसली!

मनकर्णा म्हणाली, "राहू द्या मॅडम, मी दुरुस्त करते." का म्हणून? तिलाही झापलं.

२७ जून

ग्रंथपाल मार्तंडरावांनी गेल्या वर्षीचा एक परदेशी अंक टेबलावर ठेवला. "भुजंग सर दाखवा म्हणाले होते."

दोनदा वाचला. प्रयोगात घटक सगळे दिले, पण एटीपीचं टोक तुटून ऊर्जा सुटणार नाही असं करून. नक्कल सुरूच होईना! टोक तुटणारं थोडं घातलं की झाली सुरू. डिझेल भरलं तरी इंजिनाला आधी हँडल मारावंच लागतं, तसं. मी शिकवत आले ते केंद्रक नसलेल्या जिवाणूंचं.

मार्तंडरावांवरच ओरडले. "जानेवारीतच आलाय हा," म्हणाले. मग सांगायचं कुणी? इथं बसून मला कसं कळावं? त्या पोरीला तरी कसं कळावं?

२८ जून

दुरुस्तीसाठी मनकर्णाचा फेब्रुवारीतला कच्चा मसुदा काढला. 'सुरुवातीला वेगळी ऊर्जा लागते'— स्वच्छ लिहिलंय तिनं. खाली ह्याच अंकाचा क्रमांक.

त्यावर आडवी लाल रेघ. समासात माझं अक्षर— 'काहीतरीच! काढून टाक.'