उपरण्याची गाठ

१२ जानेवारी १९६१
मेथीचा वाफा बुडवला! पाटाच्या पाण्याला दारं धरून उभी होते, हातात इतिहासाचं पुस्तक. समोर बगळा उतरला. त्याच्याकडे बघता बघता मन कुठल्या कुठे गेलं. वाफा भरून पाणी वाटेला लागलं, तरी दार बदलायचं भान नाही. बाबा मोट सोडून ओरडत आले — "डोये हायेत का गोट्या?" पुस्तक हिसकावून बांधावर फेकलं. मेथी बुडाली ती माझी चूक, कबूल. पुस्तकाने काय केलं होतं?

१४ जानेवारी
संक्रांत. सगळे म्हणे, गोड बोल. नाही बोलले.

२० जानेवारी
शाळेत बाई म्हणाल्या, "मनकर्णा, तुझं चित्त कधी थाऱ्यावर असतं का?" वर्ग हसला. मागच्या साली मॅट्रिकला नापास झाले तेव्हापासून कुणीही हसावं! मी मुद्दाम करते का? बसलं की पाय वळवळतात. ओळ वाचत शेवटी पोचते तोवर सुरुवात गेलेली. आळशी म्हणतात मला. आळशी माणूस निवांत तरी असतो. मला तेही सुख नाही.

२७ जानेवारी
एक सापडलं! बसायचंच नाही. पाटाच्या कडेने चालत वाचायचं, बगळ्यांकडे पाठ करून. एका वाफ्याला एकच प्रश्न. वाफा भरेपर्यंत तोच मोठ्याने म्हणायचा. भरला की दारही बदलायचं, प्रश्नही. अख्खा धडा समोर आला की डोकं बंद पडतं, एवढासा तुकडा असला की जमतं. आणि विसरायच्या गोष्टींसाठी पदराला गाठ.

आज एकही वाफा बुडाला नाही. बाबांनी पाहिलं, बोलले काहीच नाहीत. बुडाला असता तर बडनेऱ्यापर्यंत ऐकू गेलं असतं.

५ फेब्रुवारी
पदराच्या गाठी बघून बाबा सगळ्यांसमोर — "हे काय खूळ? सासरी नवऱ्यालेही गाठ मारशीन का?" सगळे हसले. आईसुद्धा!

आणि स्वतः? बाजाराला निघाले की दर वेळी आईच त्यांच्या उपरण्याला गाठ मारून देते. मीठ आणायचं, गाठ. सुताराला निरोप द्यायचा, गाठ. गाठ नसली की स्वारी राजापेठेत कुठेतरी रमते आणि हात हलवत घरी येते. त्यांची गाठ म्हणजे व्यवहार, माझी म्हणजे खूळ! आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं म्हणतात. पण मी दुसऱ्याची कुठे आहे?

१६ फेब्रुवारी
चांदूर रेल्वे गावचे जानराव स्थळ घेऊन आले. मुलाकडच्यांना घाई, लग्न परीक्षेच्या आधीच हवं. बाबा म्हणाले, "पोरगी पुन्हा नापासच होनार हाय, कावून थांबाचं?" येत्या बाजाराला राजापेठेत जानरावांना गाठून बाबांनी होकार द्यायचा. जानराव निघताना म्हणाले, "दुपारच्या गाडीपर्यंत वाट पाहीन. नाही भेटले, तर आमी दुसरीकडे सुपारी फोडतो."

आईला म्हटलं, तू तरी बोल. ती भाकरी थापत राहिली. "मी काय बोलू? माह्यं कोन आयकते?" ताट सरकवून उठले. तिच्या गाठीशिवाय या घरात मीठ येत नाही, आणि म्हणे कोण ऐकतं! बाबांपेक्षा तिचाच जास्त राग आला.

१९ फेब्रुवारी
उद्या बाजार. भूमितीचं ते मेलं प्रमेय चालता चालता पाठ झालं. आता कुणासाठी? पुस्तक विहिरीत टाकायला गेले होते. नाही टाकवलं.

आईशी अबोला.

२० फेब्रुवारी
बाबा संध्याकाळी कपाळावर हात मारत आले. एका बैलजोडीपाशी सौदा चालला होता, तो बघत उभे राहिले. गाडी गेली, जानरावही गेले. "इसरलो ना बाप्पा!" मग आईवर उखडले, "तुले आठवन देता नाही आली?" आई म्हणाली, "कामाच्या रगाड्यात राह्यलं."

बाबांचं उपरणं खुंटीला अडकवायला उचललं. चारी टोकं सैल. गाठ मारल्याची चुणीसुद्धा नाही.

आई चुलीपाशी होती. वर न बघता म्हणाली, "सकाई दारं धराची हायेत. पुस्तक घेऊन येजो."