पप्पांसारखा नाग धरला

पहूर, ७ जुलै २०२५

ती. स्व. दिपमालाअक्कांस,
कामिनीचा सा. न. वि. वि.

मोबाईल असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण घर दोन खोल्यांचं, आणि तुमची आठ वर्षांची भाची फोनवरची कुजबुजसुद्धा टिपते. हे तिच्या कानावर जायला नको.

तुमचे भाऊ ठिबक सिंचनाच्या नळ्या बसवायला केळीच्या बागांत जातात. तिथे साप निघाला की लोक यांनाच हाक मारतात. आधी काठीने उचलून, बरणीत घालून रानात सोडून यायचे. मला त्याचं कौतुकच होतं. पण नवीन नावाचा यांचा मित्र व्हिडिओ काढायला लागला, तेव्हापासून हे नाग हाताने धरतात आणि फणा कपाळाला टेकवतात. लोक टाळ्या वाजवतात. मला तर यांची गाडी दारात येईपर्यंत घास गिळवत नाही.

काल अंगणात आपल्या भूमिकाने ठिबकच्या नळीचा तुकडा तसाच चिमटीत धरला आणि कपाळाला लावला. शेजारची पोरं टाळ्या पिटत होती. अक्का, तिचा चेहरा अगदी यांचा दिसत होता. यांना सांगितलं, तर म्हणाले की पोरगी धीट होतेय, होऊ दे. हे तुमचं तेवढं ऐकतात. लिहाल ना?

रागावलात तरी चालेल, पण आम्हाला विसरू नका.

तुमची कामिनी


देवपूर, धुळे, १२ जुलै २०२५

चि. योगराज यास
अनेक आशीर्वाद.

पाय प्लास्टरमध्ये आहे, नाहीतर तुझा कान धरायला स्वतः आले असते. तुझे व्हिडिओ इथे गल्लीभर फिरतात. शेजारीण मोठ्या हौसेने दाखवायला आली, मी अर्ध्यावरच डोळे मिटले.

तुला आपले आबा आठवतात ना? पांझरेला पूर आला की वाहते नारळ काढायला पुलावरून उडी मारायचे आणि पुलावरचे लोक शिट्ट्या वाजवायचे. एकदा त्यांच्या मागून तूही उडी घेतलीस. तुला पोहता येत नव्हतं. खाली कोणीतरी केसांना धरून ओढलं म्हणून हाती लागलास. ओठ निळे पडले होते. आणि आबा लोकांकडे बघून म्हणाले, "मना आंडोर शे!" माझा मुलगा आहे म्हणे! तू ओकत होतास, आणि ते ऐकून हसतही होतास.

आबांनी तुला उडी मार असं कधीच सांगितलं नव्हतं रे. तू नुसतं त्यांना पाहिलं होतंस. आता भूमिका तुला पाहतेय. मला भलतीसलती स्वप्नं पडतात. हा नाद सोड. निदान तिच्यासमोर तरी नको.

कामिनीला आशीर्वाद, छोटीला पापा. बहिणीवर माया असेल तर उत्तर पाठव.

तुझी अक्का


पहूर, १८ जुलै २०२५

ती. स्व. अक्कास,
सा. न. वि. वि.

तू अजून पालीलाही घाबरतेस, म्हणून तुला सगळीकडे संकटच दिसतं. भूमीला मी बजावलं आहे की खऱ्या सापाजवळ जायचं नाही. ती शहाणी आहे. आबांची नात आहे शेवटी! प्लास्टर निघालं की ये, केळीचे वेफर्स तळून ठेवतो. लोभ आहेच, तो वाढव.

तुझा योगराज


जळगाव, ३ ऑगस्ट २०२५

ती. स्व. अक्कांस,
सा. न.

काल फोनवर मला रडण्यापलीकडे काही जमलं नाही. तुम्ही आमच्या मदतीला पाठवलेले अभिमनभाऊजी आज धुळ्याला परत निघालेत, त्यांच्या हाती हे देते.

परवा शेजारच्या जीवरामनानांच्या गोठ्यात, पाण्याच्या टाकीमागे नाग निघाला. हे कामावर होते. मुलं ओरडली तशी भूमिका पुढे गेली, आणि अगदी यांच्या आवाजात म्हणाली, "बठ्ठा मांगे सरका!" सगळ्यांना मागे सारलं. मग तिने हात घातला. मी कपडे वाळत घालत होते, आवाज ऐकून वळेपर्यंत नाग तिच्या अंगठ्याला डसला होता. अक्का, ती रडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली की पप्पांना सांगू नकोस, मला नीट धरता आला नाही.

पहूरला पहिली इंजेक्शनं दिली. जळगावच्या वाटेवर गाडीतच तिच्या पापण्या मिटायला लागल्या. मी हाका मारत होते. तिला ऐकू येत होतं, पण डोळे उघडता येत नव्हते. आता नळीने श्वास देताहेत. डॉक्टर म्हणतात, वाट बघा. हे भिंतीला टेकून बसलेत. मला यांच्याशी बोलायचं नाही.

देवाजवळ बसलात की आधी तिचं नाव घ्या.

कामिनी


जळगाव, ९ ऑगस्ट २०२५

ती. स्व. अक्कास,
योगराजचा दंडवत.

नळी काढली. भूमी स्वतः श्वास घेते, पातळ खिचडीही खाते. अंगठ्याची जखम मोठी आहे, सडलेलं मांस पुन्हा एकदा कापून काढावं लागेल. पण ती आहे, अक्का.

काल ड्रेसिंगला नर्स आली तेव्हा भूमी दात आवळून, छताकडे बघत पडून राहिली. चूं नाही केलं. नर्स म्हणाली, किती शूर बाळ! मला ते बघवेना. मी तोंड फिरवलं, ते तिने पाहिलं आणि विचारलं, "पप्पा, तुम्हाला भीती वाटते?"

मी हो म्हणालो. आज वाटते, आणि दरवेळी नाग धरताना वाटायची, हेही सांगितलं. घरी आल्यावर किती वेळ न्हाणीघरात नुसता बसून राहायचो. हे मी कामिनीलाही कधी सांगितलं नव्हतं.

भूमी म्हणाली, "मग मला आधी का नाही सांगितलं?" आणि रडायला लागली. नाग डसल्यापासून पहिल्यांदा रडली. कामिनी धावत आली, तिला वाटलं दुखतंय. मी तिला थांबवलं आणि म्हणालो, रडू दे.

आज सकाळी नर्स सुई घेऊन आली, तेव्हा भूमीने हात पांघरुणात लपवला आणि आधी मला विचारलं, "पप्पा, तुम्हाला भीती वाटते ना?" मी हो म्हणालो. मग तिने एका हाताने माझं बोट घट्ट धरलं आणि दुसरा हात नर्सपुढे केला.

तुझी माया आम्हा तिघांनाही लागणार आहे. पाय बरा झाला की ये.

तुझा योगराज