टिटवीचं घरटं, वीस हात खाली

वैशाख शुद्ध ८, शके १८६३

चार अंडी! टिटवीची! नदीच्या वाळूतल्या आपल्या खरबुजाच्या वाडीच्या वरच्या अंगाला, काठावर, बराबर म्हशींच्या वाटेत. घरटं म्हणावं तर काहीच न्हाई. बोटभर खळगा, भवती गोटे, आन् चारी अंड्यांची टोकं मधोमध जुळवलेली. अशी नीट मांडणी मला चूल मांडताना जमली न्हाई कधी. गोटे नदीतले, काळे गुळगुळीत. काठावर तर नुसती पांढरी माती. चोचीत धरून आणले असतील का तिनं एवढ्या वर? कमालच म्हणायची.

पण खूर उमटला होता घरट्यापासून वीतभर. मग मी काय केलं — खळगा खालच्या बाजूला तीन हातांवर केला, गोटे तसेच मांडले, अंडी पदरात धरून तिकडं ठेवली. टिटवी डोक्यावर वरडून राहिली. मी दूर जाऊन बसले. घटकाभरात आली आन् बसली की! जशी काही सवयच होती.

उद्या आणखी तीन हात. खाली वाळूत आपल्या वेलांजवळ आणली म्हंजे माझ्या नजरेसमोर राहतील.

वैशाख शुद्ध ११

नऊ हात झाले. आता ती माझ्यावर वरडतबी न्हाई फारशी. दुपारी ऊन चढलं की नदीत जाते, पोट भिजवते, तशीच येऊन अंड्यांवर बसते. गार करते त्यांना! हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. पूर्णामाईच्या वाळूत माझे चाळीस उन्हाळे गेले, खरबुजाचे आळे करता करता मान वर केली न्हाई, म्हणून.

सुनेला, रुख्मिणीला दाखवायला नेलं. तिनं पाहिलं न पाहिलं केलं. "चला आत्या, वसराम उठला आसंल." एवढंच. चांगली हाय पोरगी, कामाला वाघीण, पण जीव लावणं तिच्यात न्हाई. माझा नातू वसराम अकरा महिन्यांचा, वाळूत दोन पावलं टाकतो न् फतकल मारतो. मी टाळ्या पिटते, ही म्हणते पाणी आणायचंय.

डोहात पाणमांजरं आली होती सकाळी, तीन. मासा दोन्ही पंजांत धरून खातात, माणसासारखी. मालक असते तर पाहत बसले असते. त्यांनीच मला अक्षरं शिकवली, याच वाळूत, काडीनं. पाटी पुसायची गरज न्हाई, वारा पुसतो म्हणायचे. ही वही माझ्या लेकानं, हरिचंदनं जवळा बाजाराहून आणली. सोताच्या हिशेबासाठी आणली होती. आता माझी हाय.

वैशाख शुद्ध १४

वीस हात पुरे. अंडी वाळूत, काकडीच्या वेलाजवळ. म्हशींची तकलीफ संपली.

वैशाख पुनव

हे काय होऊन बसलं.

आज इस्माईलभाई घरटं पाहायला निघाले. दर साली वैशाखी पुनवेला निघतात. शेजारचीच वाडी त्यांची, मालकांचे जुने दोस्त. वाळूतून कधी उठायचं ते आमी सात घरं त्यांच्या सांगण्यावर ठरवतो. टिटवीनं अंडी काठावर घातली तर मृगाच्या आधी उठायचं, डोंगराकडून लवकर पाणी येतं. खाली वाळूत घातली तर पंधरा दिवस आणखी राहायचं. हे मला माहीत नव्हतं का? होतं! पण दर साली चार-पाच घरटी असतात. मला वाटलं, ते दुसरी पाहतील. यंदा दोन्ही काठांनी फिरले आन् एकच सापडलं. माझं.

सगळ्यांसमोर म्हणाले, "खाली हाय. बिनघोर राहा. मृग लागून आठ दिवस होईस्तोवर उठायचं काम न्हाई." सगळे खूश. खरबुजांचा शेवटचा तोडा हाती लागणार. हरिचंदनं मला पाहून हात हलवला. मी काय करणार, मीबी हलवला.

वैशाख वद्य ४

भाकर गोड लागत न्हाई. सात झोपड्या, सोळा लेकरं, पार नदीच्या पोटात. आन् ती सगळी माझ्या पदरातून आणलेल्या अंड्यांवर भरवसा ठेवून.

वैशाख वद्य १२

पिल्लं निघाली! चारी! वाळूच्या रंगाची, काड्यांच्या पायांची, निघाल्या निघाल्या पळतात. आईनं एक आवाज दिला की जागच्या जागी गोटा होतात. मी तिथंच उभी होते तरी मला दिसेनात. एक तर माझ्या पायाच्या अंगठ्याशी बसलेलं. हसू आवरंना. वसरामला कडेवर घेऊन दाखवलं, तो त्यांना "माँ" म्हणाला. गाईला पण माँच म्हणतो.

मग वर पाहिलं. डोंगराच्या बाजूला काळं काही न्हाई. पण इथून डोंगर दिसतात कुठं? पाणी तिकडं पडतं, आपल्याकडं कोरडं आभाळ राहतं, आन् नदी येते. लग्नाच्या दुसऱ्या साली मी पाहिलंय. पखाल फुटल्यासारखी आली होती.

ज्येष्ठ शुद्ध १०

एऱ्हवी यावेळेला आमी झोपड्यांचे वासे सोडून राहिलेलो असतो. यंदा कुणी हलत न्हाई. आज राहवलं न्हाई. इस्माईलभाई एकटे दोरी वळत होते, जाऊन बसले समोर. सगळं सांगितलं. तीन-तीन हातांचं पण सांगितलं.

त्यांनी दोरी खाली ठेवली. मग म्हणाले, "भाभी, काहून केलं हे?"

"म्हशी होत्या," म्हणलं.

"म्हशी होत्या," ते म्हणाले. "आन् आमी?"



ज्येष्ठ शुद्ध ११

इस्माईलभाईनं सकाळीच सगळ्यांना जमवलं. म्हणाले, दुसरं घरटं सापडलं, पार काठाच्या माथ्यावर. आजच उठा. खोटं बोलले. पाच वेळ नमाज पढणारा माणूस, माझ्यासाठी खोटं बोलला. माझ्याकडं पाहिलंसुद्धा न्हाई.

कुरकुरत उठले सगळे. वेलांवर अर्धी कच्ची खरबुजं तशीच.

ज्येष्ठ पुनव

पाणी न्हाई. आभाळ धुतल्यासारखं. खाली कोल्हे आमची खरबुजं खाऊन राहिले, वरून आमी पाहून राहिलो. लोकांनी माथ्यावरचं घरटं हुडकलं, सापडलं न्हाई. सात घरांतलाच लालसिंग म्हणाला, ते इस्माईलभाईच्या पागोट्यात आसंल. सगळे हसले. तेबी हसले, पण नुसते ओठांनी.

हरिचंद म्हणाला, म्हातारा चळला, उद्या मी बिऱ्हाड परत खाली नेतो. आणखी दोघांनी होकार दिला.

मग मी उठले. वडाखाली बाया पूजेला जमल्या होत्या, गडी पारावर होते, सगळ्यांसमोर सांगितलं. इस्माईलभाई खरे, मी खोटी. अंडी काठावरच होती, मी खाली आणली. मग हरिचंद बोलला, "माय, तू टिटवीची बाळंतपणं करून राहिलीस, आन् इथं सात घरं!" लाजून मेले. पण इस्माईलभाईनं मान वर केली, ते मी पाहिलं. अंडी काठावर होती म्हणल्यावर खाली जायचं नाव मग कुणी काढलं न्हाई.

रुख्मिणीच्या हातातला वडाला गुंडाळायचा दोरा तिथंच थांबला. माझ्याकडं अशी पाहत राहिली की मला कळंना. रागावली आसंल.

ज्येष्ठ वद्य १

दुपारी नदी आली. इथं ऊन, थेंब न्हाई, आन् वरून आवाज — शंभर गाड्या एकदम हाकल्यासारखा. लाल पाणी, झाडं मुळासकट. आमच्या वाडीची जागा आता सांगता येत न्हाई. सोळा लेकरं काठावर, मी दोनदा मोजली. वसराम माझ्या मांडीवर टाळ्या पिटत होता.

लालसिंगनं इस्माईलभाईचे पाय धरले. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "आजी, पुढच्या साली टिटवीला हात लावू नको." टिटव्या पलीकडच्या शेतात वरडून राहिल्या. पिल्लं पळाली असतील ना? पळाली असतील.

ज्येष्ठ वद्य ३

रुख्मिणी आज पाणी आणायला माझ्याबरोबर आली. घागर ठेवली न् म्हणाली, "आत्या, तुमी अंडी काठावर पाहिली त्याच्या आधी ती खाली वाळूतच होती. वसराम तिकडंच रांगत जायचा. रोज थोडं थोडं करून मीच वर नेली. गोट्यांसकट."

काळे गोटे! आमी दोघी इतक्या हसलो की घागर लवंडली. मग घागर परत भरता भरता माझ्या ध्यानात आलं.

टिटवीनं तर अंडी खाली घालून राहा म्हणूनच सांगितलं होतं. आता पुढच्या साली वाळूतून कधी उठायचं, ते कुणाला इचारावं?