उरलेल्या खाद्याची वही

मी, वय वर्षे सव्वीस, अविवाहित, वनस्पतींतील औषधी द्रव्ये शोधणाऱ्या प्रयोगशाळेत साहाय्यक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दबावाखाली न येता, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. धोका किती, असे विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, "शंभरात दोन." आकडा चांगला आहे. तरी त्या दोघांतली एक मी निघाले, तर बोलायचे काही राहू नये.

१. वडिलांकडून आलेला या घरातला माझा हिस्सा मी आईला देते. तिच्या हयातीत तो कोणी विकू नये. दादा, हे वाक्य तुझ्यासाठी आहे.

२. माझी बँकेतली सगळी बचत आईच्या इन्सुलिनसाठी आहे. कोपऱ्यावरचे औषधविक्रेते काका या मृत्युपत्राचे व्यवस्थापक असतील आणि दर महिन्याला औषध आईच्याच हातात देतील. दादाच्या हाती देऊ नये. कारण पुढे येते.

३. निळ्या पुठ्ठ्याची वही. माझी खरी मिळकत हीच. आम्ही एका कडू वेलीच्या पानांचा अर्क मधुमेही उंदरांच्या खाद्यात मिसळत होतो. तिसऱ्या आठवड्यात त्यांची साखर उतरली. मी धावत घरी आले आणि आईला मिठी मारून म्हणाले, "आई, उतरली गं! आपल्या पानाने उतरली!" घरातली पहिली पदवीधर मी, त्या दिवशी पदवी कारणी लागल्यासारखे वाटले. ही घाई माझी. ती कोणावर ढकलत नाही.

नंतर पिंजरे साफ करणाऱ्या मावशी मला म्हणाल्या, "ताई, हसणार नसाल तर सांगते. तुमची ती औषधवाली पोरं जेवतच नाहीत. रोज त्यांचं टाकून देते मी. बिनऔषधाची बाकीची बघा, वाटी चाटूनपुसून लख्ख."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"मला कोण विचारतंय?"

मी दोन आठवडे उरलेले खाद्य तोलून वहीत लिहिले. अर्क कडूजहर होता. उंदीर निम्मेही खात नव्हते. साखर पानाने उतरली की उपासाने, हे आम्हाला ठाऊकच नव्हते. वही आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना दाखवली.

"हुशार आहेस," सर म्हणाले. "पण हा रकाना शोधनिबंधात नको. अगं, लग्नपत्रिकेत कोणी नवरदेवाचं दुखणं छापतं का?"

निबंध छापून आला. त्यातून रकाना गेला आणि माझे नाव राहिले. नाव गेले असते तर मी इतकी रडले नसते.

४. सरांना मी काही देत नाही. माझे नाव परत मागते. वहीच्या पानांच्या प्रती आजच निबंध छापणाऱ्या संपादकांना पाठवल्या आहेत.

५. माझा छोटा तराजू दादाला. सरांच्या मेहुण्याने पानांची भुकटी विकायला काढली, तेव्हा दादाने विक्री अंगावर घेतली आणि मला न विचारता डबीवर पदवीच्या झग्यातला माझा फोटो छापला. मी उंदरांचे सांगितले, तर म्हणाला, "दोन बुकं शिकलीस आणि घरच्यांनाच शहाणपण शिकवतेस? झाडपाल्याने कोणाचं वाईट झालंय!" दादा, त्या तराजूवर रोज काहीतरी ठेव आणि आहे तेवढेच वजन सांग. सवयीने जमेल. फोटो मात्र सगळ्या डब्यांवरून काढ.

गेल्या महिन्यात फ्रिजच्या तळाला मला इन्सुलिनच्या सहा न उघडलेल्या कुप्या सापडल्या. आईच्या पायाची जखम का भरत नव्हती, ते तेव्हा कळले.

"दादाने सुई बंद करायला सांगितली," आई म्हणाली. "आणि डबीवर तुझा फोटो होता गं. तुझ्यावर नाही, तर विश्वास ठेवू कोणावर?"

सरांनी केसाने गळा कापला, दादाने सख्खा असून कापला. पण माझाच चेहरा वापरून माझ्याच आईला फसवले, हे मला गिळवत नाही.

६. वही त्याला किंवा तिला द्यावी, जो किंवा जी हा प्रयोग पुन्हा करील. अट एकच: अर्क खाणारे उंदीर जेवढे खातील, तेवढेच तोलून बाकीच्यांना द्यावे. पानावर माझा राग नाही. त्यात खरेच गुण असेल. असला तर छापावे, नसला तरीही छापावे. आणि मावशींचे नाव घालावे, कारण पाहिले त्यांनी.

७. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, म्हणून माझा पांढरा कोट मावशींना आजच हातात दिला आहे. बाह्या थोड्या लांब होतात, म्हणाल्या.

हे सगळे आईला वाचून दाखवले. तिने उठून डबी आणली, नखाने माझा फोटो सोलून काढला आणि भुकटी केरात ओतली.

"टोच," ती म्हणाली. "पण या खेपेला नीट सांग. याने उतरते?"

"उतरते, आई. जेवूनसुद्धा उतरते."

सुई झाली. आई माझ्यासमोर जेवायला बसली. ताटात काही उरले नाही, ते मी पाहिले, आणि मग सही केली.

स्थळ: आमचे स्वयंपाकघर. शुक्रवार, चौदा तारीख, दुपार.

सही: (मुलगी)

साक्षीदार, माझ्यासमोर सही करणारे:
१. पिंजरे साफ करणाऱ्या मावशी
२. शेजारच्या निवृत्त शिक्षिका