पिकअपचे चारही दिवे

६ ऑक्टोबर, सकाळ
आजपासून पिकअपचे दिवे. दोन दिवसांत लख्ख करतो.

माझ्या बायकोच्या, एनिफाच्या मामांनी सगळ्या अंगणासमोर सुनावलं. म्हणाले, जावईबापू, माझी बैलजोडी देऊन हे आंधळं धूड आणलंत. गुरुवारी मला डोळ्याच्या ऑपरेशनला बोमाला, जिल्ह्याच्या इस्पितळात जायचंय. याच गाडीतून न्या, याच गाडीतून आणा. नाही जमलं तर चटई उचला आणि आपल्या आईच्या गावी चालू लागा.

नवऱ्याने बायकोच्या गावात राहायचं आणि तिच्या मामाने हाकललं की निघायचं! या प्रथेविरुद्ध मी जाहीर भाषण करणार आहे. आधी दिवे.

७ ऑक्टोबर
सगळे बल्ब बदलले. एकही लागत नाही. ब्रेक दाबला की डॅशबोर्ड विझतो. डावा इंडिकेटर दिला की चारही कोपऱ्यांत काहीतरी लुकलुकतं. म्हणजे करंट भरपूर आहे, फक्त बेशिस्त आहे.

साडू लुफेयो सायकल-टॅक्सी चालवतो. कुंपणावरून म्हणाला, भाऊ, माझ्या सायकलला डायनामो आहे, मामांना कॅरिअरवर बसवू का? असल्या माणसांमुळेच आपला अख्खा खंड मागे राहिला.

८ ऑक्टोबर
फ्यूज उडाला. मोठा घातला, तोही उडाला. सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळून बसवला. वायर जळाली, कागद शाबूत. विजयच म्हणायचा.

दिव्यांचं बटण दाबलं की वायपर सुरू होतात. हे जादा मिळालं.

एनिफा म्हणाली, न्सिमा निवतेय. मी म्हटलं, इतिहास घडवणारे जेवणासाठी थांबत नाहीत. तिने ताट उचलून लुफेयोच्या घरी नेलं.

९ ऑक्टोबर
बोमाच्या वाटेवर पोलिसाने अडवलं. म्हणाला, दिवे लावून दाखवा. मी त्याला भारनियमनाबद्दल सांगू लागलो, तर मागून मामा ओरडले, सोडा हो साहेब, मलाही दिसत नाही आणि याच्या गाडीलाही दिसत नाही, जोडा शोभतोय! पोलीस पोट धरून हसला. सोडलं. मात्र परतताना दिवे नसतील तर गाडी जप्त, म्हणाला.

ऑपरेशन छान झालं. म्हणजे मामा आणखी बरीच वर्षं जगणार.

१० ऑक्टोबर, संध्याकाळ
आजचा दिवस माझा!

मामांचा एक डोळा जुनाच गेलेला, दुसऱ्यावर पट्टी. उद्या सकाळपर्यंत काढायची नाही. डॉक्टर म्हणाले, आडवे न्या, धूळ लागू देऊ नका. मागे गादीवर निजवलं आणि डोक्यापासून पायापर्यंत एनिफाचं कमरेला गुंडाळायचं चितेंजे पांघरलं.

मग सुचलं. बंद पडलेल्या गाडीमागे रस्त्यावर हिरव्या फांद्या टाकतात, तशा मी मागच्या फळीलाच बांधल्या. दिवे नसले तरी पोलिसाला सावधगिरी दिसावी. मयताच्या गाडीलाही फांद्या असतात, पण त्या पुढे. माझ्या मागे. फरक शेंबड्या पोरालाही कळेल. फांद्या बांधताना तारेने दिव्याची पट्टी चासीला आवळली, आणि भक्कन दिवे लागले! इंडिकेटर दिला तर चारही कोपरे लुकलुकले! गाडी शेवटी माझ्या जिद्दीपुढे झुकली. बंद केले तर पुन्हा लागतील का, म्हणून भर उन्हात सगळे चालूच ठेवले.

आणि काय मान! पोलिसाने शब्द न बोलता टोपी काढली आणि आडवा बांबू वर केला. सायकलवाले उतरून उभे राहिले. शेतातले लोक खाली बसले. मिनीबस बाजूला थांबली. दोन वेळा इंजिन तापलं, तरी मागच्या सगळ्या गाड्या हॉर्न न देता मला पुढे घालून हळू येत राहिल्या. कुणीकुणी फोन करत होतं. मामा चितेंजेखालून म्हणाले, रस्ता एवढा गप्प का रे? मी म्हटलं, लोक आपल्याला ओळखू लागलेत.

घरी पोचलो तर स्वागताला गाव लोटलेलं. बायका रडत गात होत्या. मामा उठून बसले आणि ओरडले, कोण मेलं?

अंगण रिकामं झालं. एनिफाची मावशी कुंपण फोडून गेली. मामांचा बोकड तोवर शिजला होता.

११ ऑक्टोबर
पट्टी काढली. डॉक्टरांनी काम चोख केलंय. मामांना पहिल्यांदा स्वच्छ दिसली ती स्वतःसाठी खणलेली कबर. काठावर उभे राहून बराच वेळ पाहिली. म्हणाले, माझ्यासाठी आखूड आहे, पण जावईबापूंच्या मापाची आहे.

लुफेयोच्या अंगावर मामांचा कोट होता. रडायला येताना घातला म्हणे. मामा म्हणाले, असू दे, शोभतो तुला.

मला मात्र चटई.

१२ ऑक्टोबर, दिवस मावळताना
चटई एनिफानेच गुंडाळून पिकअपमध्ये ठेवली. धूड पण घेऊन जा, म्हणाले मामा. फांद्या उतरवायला लावल्या आणि तार स्वतः पकडीने कापून घेतली. दुसरा बोकड आणला की बांधायला होईल, म्हणाले.

तार निघाली तशी गाडी पुन्हा आंधळी. याचा अर्थ उघड आहे, बल्ब कमअस्सल होते. आईच्या गावी गेलो की चांगले घालतो.

निघताना एनिफाला म्हटलं, चल माझ्याबरोबर. अख्खं अंगण ऐकत होतं. ती म्हणाली, अंधार पडतोय. दिवे लावून दाखव, येते.

बटण दाबलं.

वायपर सुरू झाले.