पवळ्याच्या जागी

टोकावडे, वैशाख वद्य तृतीया

तीर्थस्वरूप कुंडलिकदादांस,

धाकटा मावसभाऊ मनोज याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्त सहाच अंगांनी, उरलेली दोन पावसाळ्यानंतर). कसाऱ्याच्या उन्हात तुमचा गुडघा काय म्हणतो? वहिनींचा रक्तदाब? रेल्वेतून निवृत्त होऊनही तुम्ही पहाटे चारला उठून घरच्यांना हिरवा झेंडा दाखवता, असे कानावर आले. असो.

इकडे सर्व क्षेम, असे लिहायची रीत म्हणून लिहिले. खरे म्हणजे माझे कशात लक्ष नाही. संस्कृतच्या वर्गात शब्दांची रूपे चुकतो आणि मुले सांभाळून घेतात. कारण आमचा बांधाशेजारी चंदर. गेल्या निवडणुकीत ढाब्यावर टीव्ही बघताना देश कोणी बुडवला यावरून आमचे वाजले (दिल्ली दोघांनीही पाहिलेली नाही, मी मुरबाड आणि तो शहापूर, एवढाच आमचा दिग्विजय). तो म्हणाला, "तुमी शिकलेले समदे सारखेच." मी त्याहून वाईट बोललो, तेही शुद्ध भाषेत. तेव्हापासून वर्षभर अबोला. होळीच्या प्रदक्षिणाही मी अशा बेताने घातल्या की मध्ये सतत जाळ राहावा. त्याच्या घरून भागीवहिनींची करवंदे यंदा आली नाहीत. करवंदांना कुठला आला पक्ष, दादा?

हेही सोसले असते, पण राब भाजायचा राहिला. भाताचे रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा, शेण, माती रचून ठेवली आहे आणि मालशेजवर रोज ढग डोकावून जातात. राब एकट्याने पेटवू नये, शेजाऱ्याने जाळ झोडपायला पाल्याचा ओला टहाळ घेऊन बांधावर उभे राहावे, ही आपली चाल. सव्वीस वर्षे चंदर माझ्यासाठी उभा राहिला, मी त्याच्यासाठी. यंदा तो फणसाखाली खिशात काडेपेटी ठेवून पाठमोरा, मी घरात काडेपेटी घेऊन येरझाऱ्या घालणारा. शेवटी आमच्या सौ. सारिकेला म्हटले, तू उभी राहा. ती म्हणाली, "मी नाय येणार. दिल्लीला सांगा ना, उभी राहील."

म्हणून आठवड्यापूर्वी एकट्यानेच काडी ओढली. अग्नीला अनल म्हणतात, म्हणजे ज्याला पुरे कसे ते ठाऊक नाही. हे मी वीस वर्षे शिकवतो, समजले मात्र त्या दिवशी. जाळ माझ्या राबाचा एक कोपरा चाखून, बांध ओलांडून चंदरच्या राबात शिरला आणि तिथे अगदी एकसारखा, सुबक भाजत पेंढ्याच्या गंजीकडे निघाला. गंजी गेली असती तर मग काही बोलायलाच उरले नसते.

टहाळ घेऊन चंदर धावला, मीही धावलो. खांद्याला खांदा लावून आम्ही जाळ झोडपला. विझल्यावर तो धापा टाकत आपल्या बैलाला म्हणाला, "बघ रे पवळ्या, मास्तरला वारा कुठनं येतो ते पण कळत नाय." मीही पवळ्यालाच म्हटले, "सांग त्याला, फुकट राब भाजून मिळाला." चंदर पवळ्याला म्हणाला, "मास्तर भाजला का कुठं, इचार." माझ्या मनगटाला फोड आला होता. मी पवळ्याला म्हटले, "नाही."

तेव्हापासून रोज संध्याकाळी पवळ्यामार्फत थोडे थोडे बोलणे होते. तो कुणाचीच बाजू घेत नाही, मधूनच शेपूट हलवतो. असा श्रोता देशात दुर्मिळ. बाकी माझे काही मागणे नाही. सहज खुशाली कळवली.

आपला,
मनोज

ता.क. पवळ्या रविवारपासून महिनाभर चंदरच्या लेकीकडे शहापूरला नांगरणीला जातो आहे. माझा पाऊण राब अजून कच्चा आहे. तेव्हा तेवढे दिवस इकडे येऊन राहावे. काम विशेष नाही. मध्ये उभे राहायचे आणि राजकारणावर मत द्यायचे नाही.

ता.क. दुसरा. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात चंदर ओला टहाळ घेऊन बांधावर येऊन उभा राहिला आहे, माझ्याकडे पाठ करून. पवळ्याला मोठ्याने सांगतो आहे, "वारा पडलाय, म्हनावं. नि कुंडलिकदादा चालेल, पण त्याला वैरण जास्ती लागेल." (तुम्हाला बोलवायचा बेत मी सकाळी फक्त पवळ्याच्या कानात सांगितला होता.) काडेपेटी सापडली, निघतो. कागदावरच्या जांभळ्या डागांबद्दल क्षमा असावी. करवंदे आली आहेत.