आटलेल्या विहिरीतला भूप

दादा,

तुमचा आज लई राग आलाय म्हणून लिहायला बसले. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण राग काही तुमच्यासोबत गेला नाही. काल माझ्या पोरानं, तुमच्या नातवानं, त्याच्या आठ वर्षांच्या पोरीचा कान रक्त येईस्तोवर पिळला. का, तर गाण्याच्या पहिल्या परीक्षेला यंदाच बसायचंय आणि ही रियाज सोडून दारात खेळतेय. शिकवणाऱ्या बाई म्हणतात, वर्षभर थांबा, गळा कोवळा आहे. पोरगा म्हणतो, बाई मुद्दाम अडवतात. हे बोलणं मी आधी कुठं ऐकलंय ते तुम्हाला सांगायला नको. मी उठले आणि त्या चाळिशीच्या बाप्याच्या मुस्काटात दिली. सून चहाचा कप धरून बघतच राहिली. आता घरातले सगळे पोरीला बसवायचं का नाही ते मीच ठरवावं म्हणतात.

दुष्काळाचं साल होतं. ढोकीच्या कारखान्याला ऊस नव्हता, म्हणून तुम्ही आपल्या गावी, ईटला, घरी बसलेले. जयंतीला आपल्या गायन पार्टीत पेटी तुमची आणि आवाजही तुमचाच, माईक बंद पडला तरी शेवटच्या माणसापर्यंत पोचायचा. पण गावातल्या एका शिकल्यासवरल्या माणसानं चारचौघांत म्हटलं, हे ओरडणं झालं, गाणं नव्हे. ते तुमच्या काळजात रुतून बसलं. पोरीकडं गाण्याच्या परीक्षेचा दाखला आला की बघतो कोण बोलतंय, म्हणत तुम्ही मला एस.टी.नं भूमला नेलं. तिथले गाण्याचे मास्तर भला माणूस. त्यांनी मला जवळ बसवून भूप राग म्हणून घेतला, हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले आणि तुम्हाला म्हणाले, "पोरगी गुणी हाय. दोन वर्षं थांबा." तुम्ही माझा दंड धरून मला बाहेर ओढलंत. स्टँडवर म्हणालात, "थांबा म्हणं. बापजाद्यांनी थांबायचंच काम केलं आपल्या. यंदाच बसवतो." मास्तर खरंच माझ्या गळ्याचंच बोलत होते हो. पण तो शब्द तुम्ही इतक्या दारांत ऐकला होता, की त्यामागं माया असेल हे तुमच्या डोक्यात शिरेना. दुसऱ्या एका मास्तराला गाठून तुम्ही परीक्षेला माझं नाव घातलंत.

वस्तीमागची विहीर त्या साली ठणठणीत आटलेली. घरात गायलं की शेजारी हसतात, आणि विहिरीत आवाज घुमतो, गळा खुलतो, असं तुमच्या पार्टीतल्या म्हाताऱ्यांचं म्हणणं. मी तळाशी उभी आहे. पायाखाली भेगाळलेला गाळ. तुम्ही काठावर पेटी घेऊन बसलाय, शेजारी ढेकळांचा ढीग. भूपात मध्यम हा सूर नसतो, आणि माझा गळा नेमका तिकडंच घसरतो. घसरला की वरनं ढेकूळ. कधी खांद्यावर, कधी पाठीत. "पुन्हा." मी रडत गाते, रडताना सूर हलतो, सूर हलला की अजून एक. त्या दिवशी एका ढेकळात दगड निघाला. भुवईवर बसला. रक्त डोळ्यात उतरलं आणि मला सगळी विहीर लाल दिसायला लागली. तुम्ही वरनं विचारलंत, "गप का झालीस?"

माय दुष्काळी कामावर खडी फोडून परत येत होती. तिनं मला वर काढलं, पदरानं कपाळ दाबून धरलं. तुम्ही तिलाच शिव्या घालून एक ठेवून दिलीत. मग तिनं पाटीतली हातोडी उचलली. एक घाव पेटीच्या भात्यावर, एक पट्ट्यांवर. पुढच्याला तुम्ही पेटीवर हात आडवा घातलात. तिला तो हात दिसला होता, दादा. मी तिच्याच तोंडाकडं बघत होते. तरी हातोडी खाली आली. दोन बोटं चेचली. तुम्ही गुरासारखे ओरडलात आणि ती शांतपणे म्हणाली, "आता मारा ढेकळं." दवाखान्यात तुम्ही सांगितलंत, कारखान्याच्या मशीनीत हात गेला. कारखाना बंद आहे हे डॉक्टरलाही ठाऊक होतं, त्यानं मुकाट्यानं बांधलं. पेटी तुम्ही परत कधी वाजवली नाही.

तर आज सकाळी मी पोरीला मांडीवर घेतलं. कानाला हळद लावता लावता विचारलं, तुला बसायचंय का परीक्षेला? ती म्हणाली, "बसायचंय. पण पप्पांनी यायचं नाही." झालं, ठरलं. बाईंशी मी बोलेन, सोबत मीच जाईन, आणि पोरगा फुगून बसला तर खुशाल बसू दे.

हा कागद कुठं जायचा नाही, म्हणून मायलाही कधी बोलले नाही ते लिहिते. माझ्या त्या परीक्षेच्या दिवशी मी पहाटेच उठले होते. भुवईवरची पट्टी सांभाळत केस विंचरले, धुतलेलं परकर-पोलकं घातलं आणि तुमच्या बाजेपाशी येऊन उभी राहिले. तुमचा हात गळ्यात बांधलेला. तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि कूस बदललीत. मला भूप येत होता, दादा. रात्रभर मनात म्हणून बघितला होता, एकदाही चुकले नव्हते. तुम्ही नुसतं "जायचं का?" विचारलं असतंत, तर मी व्हय म्हणाले असते.